सातव्या चौकोनाचा चिखल

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, खारफुटीच्या जंगलाची निवृत्त निरीक्षक, माझ्यामागे काय कोणाकडे जावे हे कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी लेखी दिले आहे. धाकट्या बहिणीचे मत वेगळे आहे, पण तिची सही लागत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. मागची खोली मी चिखलाच्या बरण्यांनी अडवली म्हणून ती पंधरा वर्षे बोलते आहे. तिचे बरोबर आहे.

२. मोजपट्टी, चाळण्या, चिखल उपसायची पोकळ नळी आणि गुडघाभर उंचीचे बूट महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला. डावा बूट गळतो.

३. लोखंडी कपाट माझ्या माजी साहेबांना. माझा शेवटचा अर्ज त्यांनी ज्या तत्परतेने कपाटात टाकला, ते पाहता त्यांना कपाटे कमी पडत असावीत.

४. त्या अर्जाची हकीकत इथे नोंदवते. तेलगळतीनंतर आम्ही खाडीतल्या खारफुटीत मोजणीसाठी सात चौकोन आखले. सहा तेल लागलेल्या भागात, सातवा तुलनेसाठी, तेल न लागलेल्या भागात. सातवा मी निवडला. भरती होती, उतरता येत नव्हते आणि आखणी त्याच दिवशी संपवायची होती. पाने हिरवीगार दिसली, मी होडीतूनच बोट दाखवले. पुढे दर तीन महिन्यांनी आम्ही सातही चौकोनांत खोडांचे घेर घेतले, रोपे मोजली. सहा चौकोन सातव्याच्या जवळ येत गेले, तसे आम्ही ‘जंगल सावरत आहे’ असे लिहीत गेलो. सातवाच खुरटत होता, हे कोणी पाहिले नाही. प्रत्येक अहवालावर माझी सही आहे.

निवृत्तीच्या वर्षी सातव्यात, एका खेकड्याच्या बिळाशेजारी, मी नळी खुपसली. वीतभर खाली काळे तेल निघाले. वर नवा गाळ बसला होता, इतकेच. आजाऱ्याची तब्येत आम्ही दुसऱ्या आजाऱ्याशी ताडून पाहत होतो. साहेब म्हणाले, “एका बिळासाठी सगळे अहवाल फिरवायचे? बाई, नाव तुमचंच जाईल.” सातवा पुन्हा तपासावा, असा अर्ज मी गुळमुळीत भाषेत दिला आणि गप्प बसले. चार वर्षे झाली. पुढच्या महिन्यात, आमचे अहवाल ज्या तेलगळती समितीकडे जातात, तिची बैठक आहे. सहा चौकोन सातव्यासारखे झाले, या आधारावर पाहणी कायमची बंद होणार आहे.

५. सातव्या चौकोनातल्या तीन बरण्या आणि माझ्या सर्व वह्या माझ्या मृत्यूनंतर समितीकडे द्याव्यात.

हे कलम आज दुपारी साक्षीदारांना वाचून दाखवले. पंधरा वर्षे ज्याच्या होडीतून मी मोजणीला गेले, तो नावाडी चहा पिता पिता थांबला.

“बैठक पुढच्या महिन्यात ना? मग तोवर तुम्ही आटपणार आहात का?”

डॉक्टरीणबाईंनी तशी काही लक्षणे नसल्याचे सांगितले.

“मग हे मेल्यावर कशाला?” तो म्हणाला. “शिव्या खायला घाबरता, असं लिहा की सरळ.”

तो म्हणतो ते खरे आहे.

सबब कलम ५ रद्द. बरण्या आणि वह्या उद्या सकाळी मी स्वतः समितीच्या कार्यालयात देऊन पोच घेईन. सोबत एक पान असेल: सातवा चौकोन मी न उतरता निवडला, चूक माझी, तेल सापडल्यावर चार वर्षे गप्प बसले तीही मीच. बैठकीला मी जाणार आहे. बोलावणे आले नाही तरी जाईन.

बाकी कलमे कायम. कलम ५ वरची काट माझ्या हातची असून, ती दोन्ही साक्षीदारांसमक्ष मारली आहे.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: २३ जानेवारी

सही: लिहून ठेवणार
साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. नावाडी (सही, वाचून, दोनदा)