एक बैल बाकी

११ फेब्रुवारी

एक बैल! आमच्या घराकडे कुणाचा तरी एक बैल बाकी आहे — साठेक वर्षांपासून — आणि हे मला आज कळतंय.

सकाळी गेटवर बाइक थांबली. मागचा म्हातारा उतरला, धोतर झटकलं, सरळ ओट्यावर. डोंगरातला, मोलगीच्याही वरच्या पाड्यावरचा, झिपरू नाव. बाइक चालवणारा त्याचा पोरगा उदेसिंग. माझ्याच कॉलेजात, लोणखेड्याला, बी.एस्सी. करतोय. मला बघून हसला.

पप्पा म्हणाले, "काय काम शे?"

"मन्ही बहीण तुमनाकडे शे. दिवली. तिनं देज बाकी शे. रतिलालनी एक बैल कबूल करेल व्हता. पंचसमोर."

देज नवऱ्याकडून मुलीच्या बापाला जातं. डोंगरात ते दिल्याशिवाय बायको बायको होत नाही. रतिलाल म्हणजे आमचे आबा. आणि दिवली म्हणजे दिवलीमाय! मळ्यातल्या खोलीत राहते. पप्पांना तिनं वाढवलं, मला तिनं वाढवलं. मी तिला कामाची बाई समजत आलो. तिला पगार देताना कधी कुणाला पाहिलं नाही — हेही आजच लक्षात आलं.

आबा खाटेवरूनच, "कोन दिवली? मजुरीन शे ती. मी कोनले काहीच कबूल करेल नई."

दिवलीमाय चहा घेऊन दारात उभी होती. ट्रे हलला पण नाही.

१२ फेब्रुवारी

पप्पा शहाद्याच्या वकिलाकडे जाऊन आले. जाताना गार, येताना पेटलेले. वकील म्हणे, काही देऊ नका. बैल सोडा, शेंगदाणा पण देऊ नका. दिलं म्हणजे मानलं. मानलं म्हणजे ती बायको. बायको झाली की सातबारा!

"आपलं उत्तर एकच," पप्पा म्हणाले. "हे देणं आम्हाला माहीत नाही." लिहायला मलाच बसवलं. लेखक ना मी! दोन ओळी लिहिल्या. थंड, चपट्या, एक विशेषण नाही. खोटं कशाला बोलू — लिहिताना मजा आली. उदेसिंगला व्हॉट्सॲपवर पाठवल्या.

त्याचं उत्तर: "भाऊ, आत्याला विचारलं का?"

१४ फेब्रुवारी

मळ्यात गेलो. पांढरा शर्ट घालून! केळीचा चीक उडालाच.

दिवलीमाय ओरडली, "अरे मूर्खा! केळीमा नवं घालतस का कोनी? मरशी तरी जावाव नई तो डाग."

आता दिसत नाही काही. उद्या काळा पडेल.

बैलाचं विचारलं तिला. ती घड उतरवत होती. उतरवला की विळा एकदाच फिरवते — खोड गुडघ्याच्या जरा वरून तुटतं आणि मेल्यासारखं बसतं खाली. एवढुशी बाई!

"बैल सांगेल व्हता," ती म्हणाली. "आना नई."

पुढचं खोड.

"तुन्ही आजी व्हती तवय मी काही बोलनू नई. आते ती बी गयी."

पुढचं खोड. विळ्याचा तो ओला आवाज. रात्रीही कानात होता.

१९ फेब्रुवारी

झिपरू परत आला. एकटा, बसने. बगलेत पिशवी — बहिणीसाठी लुगडं. पिवळं, कोरं. या वेळी ओट्यावर चढला नाही, अंगणातच उभा राहिला.

"माले बैल नको, अमृतभाऊ," तो पप्पांना म्हणाला. "आते बैल कोनकडे शेत? आबानी पाच मानसंसमोर फक्त सांगवं, ही मन्ही बाई शे. नई तं होळीले मी तिले लई जास. उद्या मरी गयी तं तिले कोन म्हनीसन जाळशात तुम्ही?"

पप्पांनी ठिबकची नळी उचलली.

ती नळी हवेत शिट्टी वाजवते. पहिला फटका कानावर. दुसरा मानेवर. मग मोजायचं काय? म्हाताऱ्याने हात वर केलेच नाहीत. पिशवी पोटाशी घेऊन वाकला — लुगड्यावर रक्त पडू नये म्हणून. पाठ सगळी दिली आम्हाला. सदरा फाटला, कातडीपण फाटली.

दिवलीमाय मळ्यातून धावत आली, मध्ये पडली. तिच्या दंडावर एक बसला. तेव्हा कुठे पप्पा थांबले. आबांनी खाटेवर कूस बदलली, भिंतीकडे तोंड.

झिपरूने पिशवी तिच्या हातात दिली आणि गेला. चालत.

मला एक कथा लिहायची होती, क्रियापदंच नसलेली. नुसती नामं. नळी. कान. लुगडं. आज कळलं, तशी कथा होत नसते. कुणीतरी मारतं. कुणीतरी गेट लावतं — रस्त्यावरून दिसू नये म्हणून.

गेट मी लावलं. कुणी सांगितलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

झिपरूने पोलिसात दिलं नाही. पप्पा खूश — "देखं? खोटं व्हतं म्हनीसनच नई गया!"

२६ फेब्रुवारी

उदेसिंगचा मेसेज. "होळीच्या आधी आत्याला न्यायला येतो. तयार राहायला सांगा." बापाच्या पाठीबद्दल एक शब्द नाही.

दिवलीमायला वाचून दाखवला. तिनं परत वाचायला लावला. मग म्हणाली, "रिकामी हाते कशी जाऊ?"

१ मार्च

केळी कापली!!

उद्या व्यापाऱ्याचा ट्रक येणार होता. सकाळी सालदार गडी बोंबलत आला. रस्त्याकडच्या ओळी आडव्या, घडासकट. कोवळ्या मानेसारखी खोडं, प्रत्येकावर एकच वार. चीक टपटपत होता. एक ओळ अर्धीच कापलेली. सालदार म्हणाला, "थकी ग्यात व्हतीन हरामी."

पप्पा ओरडले नाहीत. त्याचीच भीती वाटली. म्हणाले, "त्या पोऱ्याले बलाव."

फोन मी केला. नंबर माझ्याकडेच. "ये ना यार, प्रकाशा गावात. पुलाजवळ चहा घेऊ."

आला. हेल्मेट काढता काढता विचारतो, "भाऊ, आबा तयार झाले का?"

उसात ओढला त्याला. पप्पा, सालदार, मी. पप्पांच्या हातात ट्रॅक्टरचा पाना. पहिला हातावर बसला — वाळकी काडी मोडावी तसा आवाज. तो म्हणत होता, "कोनती केळी? कोनती केळी?" एवढंच. परत परत. पप्पांना दम लागला तरी तो तेच म्हणत होता. मला तो आवाज बंद करायचा होता. बाकी काही नाही, फक्त आवाज. मी बुटाने तोंडावर मारलं. परत मारलं. दात लागला बुटाला. मग डोळ्यावर.

मारलं. प्रथम पुरुष, एकवचन. सापडलं क्रियापद.

आणि खरं लिहायचं तर — छान वाटलं. गाडीत बसेपर्यंत.

घरी आल्यावर दिवलीमायने आमच्या हातांवर पाणी घातलं. न्हालेली, केसांना तेल. खूश दिसत होती.

"कोनं रगत शे रे?"

"डुकरनं," पप्पा म्हणाले. "उसमा घुसेल व्हतं."

तिनं माझी नखंपण धुतली. लहानपणी धुवायची तशी, एकेक बोट धरून.

३ मार्च

उदेसिंगला धुळ्याला हलवलंय. डावा डोळा गेला म्हणतात. शुद्धीवर येतो तेव्हा एकच विचारतो म्हणे. काय ते मला माहीत आहे.

वकिलाने पप्पांना घर सोडायला सांगितलं. अ‍ॅट्रॉसिटी लागेल, थोडे दिवस सुरतेला जा. पप्पा बॅग भरताहेत. मी भरली नाही.

दिवलीमायला कुणीच काही सांगितलेलं नाही.

४ मार्च

मळ्यातल्या खोलीवर गेलो. उदेसिंगचं सांगायलाच गेलो होतो.

तारेवर पिवळं लुगडं वाळत होतं. घासून घासून धुतलेलं. पदरापासून खालपर्यंत केळीचे डाग. काळे.

मी पदर हातात घेऊन पाहिला.

"काय देखस?" दिवलीमाय आतून म्हणाली. "एक बैलनं व्हई तितलंच कापं. वर एक खोड बी नई. मन्हं देज मी लई लिनं."

गाठोडं बांधून तयार होतं. त्याच्यावर बसली, माझ्याकडे बघून हसली.

"आते सांग — उदेसिंग कवय येई माले लेवाले?"