ताबझिम्तचा काटा

आथ यन्नी,
शनिवार, १२ फेब्रुवारी १९७२

प्रिय कन्या दहबिया हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

येथे सर्व कुशल आहे. ऑलिव्हचे तेल यंदा उत्तम निघाले. घाटात अद्याप बर्फ आहे; तिझी-वझूची बस कधी येते, कधी येत नाही. तुझी आई मात्र वारंवार रस्त्यावर डोकावते.

तुझे पत्र मिळाले. बाळंतपण सुखरूप पार पडल्याचे वाचून समाधान वाटले. परंतु ‘त्या दिवशी सासूबाईंनी’ येथवर लिहून तू वाक्य तसेच सोडून दिले आहेस. आरंभलेले वाक्य पूर्ण करावे, हे मी तुला लहानपणीच शिकवले होते.

मंगळवारी तुझ्या सासूबाई दुकानी आल्या. तुझ्या लग्नासाठी मी घडवलेली चांदीची गोल ताबझिम्त त्यांनी रुमालातून काढून माझ्यापुढे ठेवली. एक पोवळे निखळलेले, वस्त्रात टोचायचा काटा वाकलेला.

“पाळण्याजवळ पडली हो, व्याही. आता काटा काढूनच टाका. वर कडी जोडा, गळ्यात घालेल.”

“ताबझिम्तला काटा असतो,” मी म्हणालो.

“म्हणून तर सांगते! मुलगा झाला तर कपाळावर, मुलगी झाली तर छातीवर. शेंबड्या पोरालाही कळतं हे. आणि मुलगी झाली तरी तुमची लेक ती डोईच्या फडक्याला टोचून कपाळावर मिरवतेय! काटाच नसला, की कपाळावर चढायची सोयच नाही.”

तुझी आई आतून म्हणाली, “नातीचं तोंड तरी पाहिलंत का, विहीणबाई?”

“पाहिलं की. तुमच्यावरच गेलंय. क्षणभर मिटत नाही!”

मी त्यांना ‘बरे’ म्हटले. मी रूढी मोडणारा मनुष्य नाही, हे तू जाणतेसच. त्या गेल्यावर तुझी आई माझ्याशी बोलली नाही.

काम हाती घेतले. आच लागताच पोवळे पांढरे पडते, म्हणून उरलेली पोवळीही आधी लाखेतून सोडवली. निळा-हिरवा मीना वितळू नये, यासाठी त्यावर ओली माती थापली. कडी तयार होतीच. मग जुना काटा सोडवू लागलो, तर त्याच्या बिजागरीत केस अडकलेले दिसले. लांब, काळे, मुळासकट.

मी उठलो. कॉफी घेतली, ती तशीच राहिली. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. पडलेल्या दागिन्याची कड चेपते. हिची कड अभंग आहे. काटा बाहेरच्या बाजूस ताणला गेला आहे. ती पडलेली नाही, दहबिया. ती तुझ्या कपाळावरून ओढून काढली आहे.

तुला फार लागले काय? एवढेच विचारण्यासाठी हे पत्र लिहावयास बसलो होतो. तेलाविषयी आणि बर्फाविषयी का लिहिले, ते मला सांगता येत नाही.

रूढीत कपाळ कोणाचे आणि छाती कोणाची, हे सांगितले आहे. केस उपटावेत, असे तिच्यात कोठेही सांगितलेले नाही.

कडी मी मुशीत टाकून वितळवली. त्याच चांदीचा नवा काटा घडवला, पूर्वीपेक्षा जाड. पोवळी पुन्हा बसवली आहेत. तुझ्या आईला दाखवले, तेव्हा ती चार दिवसांनी बोलली : “एवढा वेळ लागतो होय तुम्हाला?”

हे पत्र बसचा चालक आज तुझ्या हाती देईल. सोमवारी आम्ही दोघे येत आहोत. बस आली तर बसने, न आल्यास पायी. ताबझिम्त मी तुझ्याच हातात देईन, इतर कोणाच्याही नाही. ती कोठे लावायची, ते तू ठरव. त्या घरी राहायचे की आमच्याबरोबर निघायचे, तेही तूच ठरव. ज्यांना काही बोलायचे असेल, त्यांनी ते माझ्याशी बोलावे.

तुझा बाबा,
मोक्रान;
आणि जिचे नाव अद्याप मला कोणीही कळवलेले नाही, तिचा आजोबा.