अनारशांच्या डब्याचं कुलूप

मेहकर
भाऊबीज, दुपार

प्रिय ताई,

इतके महिने तुला एक ओळ लिहिली नाही, रागावू नकोस. रोजनिशी रोज लिहितो. पाऊसपाणी, कॉलेजचं वेळापत्रक, सगळं त्यात असतं. तुझं नाव मात्र चुकवत आलो. आज तिच्याच पानावर तुला लिहितोय, कारण तासाभरापूर्वी तुझी शेवटची तार माझ्या हातून कुलपातच मोडली. हे दुसऱ्या कुणाला सांगू? सुनंदाला सांगितलं. "जाऊ द्या हो," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला.

आपली भाऊबीज जगावेगळीच! तू साखरखेर्ड्याच्या घरी मला ओवाळायचीस आणि पाटासमोर फराळाचा डबा ठेवायचीस, कडीला कुलूप घातलेला. भंगारातून आणलेलं, चावी कधीचीच हरवलेली, पण दाबलं की बंद होणारं कुलूप. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडून तू ते आधी स्वतः उघडून पाहिलेलं असायचं. मग माझ्यापुढे तुझी रेक्झिनची पिशवी टाकायचीस. त्यात कुलूप किंचित वळवून धरायला छत्रीच्या काडीची वाकवलेली पट्टी, आणि आतल्या पिना एकेक करून उचलायला सायकलच्या, घासून केलेल्या तारा.

"फराळ पाह्यजे? मंग खोल!"

शिवणाच्या कपाटाची चावी हरवली त्या उन्हाळ्यात तुला हा नाद लागला, तो सुटलाच नाही. मला मात्र तो कधी साधला नाही. मी पट्टी दाबायचो. पिन हलली नाही की आणखी दाबायचो. जितकं दाबावं तितक्या सगळ्याच पिना अडकायच्या, मी तारेनं उचकटायला जायचो, आणि कट्!

"कुलूप हाये रे ते, मारका बैल नाही! काऊन एवढं दाबून धरतं?"

मोडलेली तार घेऊन तू कानशीपाशी बसायचीस. "मोडली त मोडली. आता तिची धाकटी बहीण करू."

गेल्या भाऊबीजेला संध्याकाळपर्यंत काही मला डबा उघडता आला नाही आणि शेवटची गाडी सुटायची वेळ झाली. "घरी ने. उघडला का फोन कर," म्हणालीस. फोन तूच करत राहिलीस. मी आपलं वेळ नाही, वेळ नाही. "मंग आता ते अनारसे गोफणीत घाल अन् पाखरांले मार!" किती हसलो होतो आपण.

थंडीत तू गेलीस. छातीत दुखतं हे कुणाला सांगितलं नव्हतंस. काऊन, ताई? भाऊबीजेलाच तुझा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, पुन्हा विचारलं. "अ‍ॅसिडिटी हाये. गप खोल तू." आणखी एकदा विचारायला हवं होतं का? की मीच फार रेटून विचारलं म्हणून तू मिटून घेतलंस? रोजनिशीत हा प्रश्न वेगवेगळ्या वाक्यांत मांडून पाहतो. तिथेही तुझं नाव न घेता.

भाऊजींनी तुझी पिशवी मला दिली. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन बसतो. एकेक तार मोडत गेली. धाकट्या बहिणी करायला कानस घेतली, तर टोकंच झिजून गेली.

आज सकाळी भाऊजींचा फोन आला. "अजून तेच करून राह्यला का बे? कापून टाक न ते कुलूप. आत काय उरलं असन आता?"

"भाऊजी, तिच्या तारेनं उघडायचंय."

ते म्हणाले, "तिच्यावाणी हात कोणाचा हाये आता?" आणि फोन ठेवला.

मी बसलो. पट्टीवर नुसतं बोट टेकवलं, तू सांगायचीस तसं. पहिली पिन बसली. दुसरी बसली! वाटलं, आज होणार. आणि त्या आनंदानंच हात जड झाला बघ. तारेचं टोक आत राहिलंय, खोल, चिमट्यालाही लागत नाही. तुझ्या पद्धतीनं हे कुलूप आता कुणालाच उघडता येणार नाही. तुलाही आलं नसतं.

पूर्वी डबा हलवला की अनारसे खडखडायचे. आता वाळू सरकल्यासारखा आवाज येतो. तुझ्या हातचं शेवटचं खाणं, आणि त्याची चव मला कधीच कळणार नाही.

यातून काही चांगलं निघेल असं वाटत नाही, म्हणून तसं लिहीतही नाही. एवढंच वचन देतो, हे कुलूप मी कापणार नाही, कुणाला कापूही देणार नाही. आणि त्याच्यावर पुन्हा जोर लावणार नाही.

तुझा,
बाळू

उद्या: शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणणे. कुलपाला गंज चढतोय.