पॉइंट ट्वेंटी शैलची चाचणी

१ जानेवारी, सकाळी ६.४०
संकल्प एकच. वाइल्डकॅट पूर्ण करायचं. वाइल्डकॅट म्हणजे कुठल्याही कंपनीच्या यादीत नसलेलं, घरी बनवलेलं काडतूस. बाजारातली पितळी केस, म्हणजे काडतुसाची रिकामी पुंगळी, घ्यायची, तिची मान दाबून बारीक करायची, त्यात लहान, ०.२० इंची गोळी बसवायची. नाव ठरलंय: पॉइंट ट्वेंटी शैल. मूळ कल्पना माझ्या मित्राची, उल्हासची, पण नाव माझं असायला त्याची हरकत नव्हती. (मी विचारलं तेव्हा तो खोकत होता.)

उल्हास हार्बरच्या पलीकडे, डार्टमथला. हॅलिफॅक्सहून फेरी बोटीने बारा मिनिटं. डॉक्टरांनी आता केमो थांबवलीय. भेटायला जायचंय. पण आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, हे आईने शिकवलंय. फळं कोणीही नेतं. मी टार्गेटचा कागद नेणार. शंभर मीटरवर पाच गोळ्या, आणि वर लूनी, म्हणजे कॅनडाचं एक डॉलरचं नाणं, ठेवली की पाचही भोकं झाकली गेली पाहिजेत. दहा दिवस पुरेत. शनिवारी ११ तारखेला येतो असा मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला.

७ जानेवारी
वीसपैकी नऊ केसेसच्या माना तडकल्या. पितळ खराब. हल्ली क्वालिटी राहिलीच नाही. बायकोने, सुनेत्राने विचारलं, पितळ खराब की तुझी घाई? बायकांना मेटलर्जी कळत नाही. (ती नागपूरला फिजिक्स शिकवायची, पण ते वेगळं.)

११ जानेवारी, शनिवार
बर्फ. सगळा ड्राइव्ह-वे शोव्हल केला, कंबर धरली. फेरी चालू होती, असं सुनेत्राचं म्हणणं. पुढच्या शनिवारी नक्की. मेसेज केला. अंगठा.

१८ जानेवारी, शनिवार
केसेस अजून तयार नाहीत. काय दाखवणार त्याला? उद्या नेमबाजीच्या रेंजवर जातोय. मेसेज. अंगठा.

१९ जानेवारी
गोळीऐवजी रवा भरून बार काढला की केस फुगून बंदुकीच्या चेंबरच्या मापाची होते. जुनी, मान्यताप्राप्त पद्धत. डब्यातला सगळा रवा नेला. केसेस सुंदर फुगल्या. संध्याकाळी घरात उपम्याला रवा नाही. मी संशोधन हा शब्द वापरला. सुनेत्राने वापरलेला शब्द इथे लिहीत नाही.

२६ जानेवारी
पहिली खरी चाचणी. उणे चौदा. लूनी सोडाच, भोकं झाकायला ताटली लागली असती. वारा. शेजारच्या बेंचवरचा डग नावाचा म्हातारा बराच वेळ कागद बघत राहिला आणि इंटरेस्टिंग म्हणाला. माणूस जाणकार.

२ फेब्रुवारी
उल्हासच्या घरून सुनंदावहिनींचा फोन. उल्हासचं जेवण जवळजवळ बंद झालंय. भावजी, काही आणू नका, नुसते या, म्हणाल्या. मी सांगितलं की सरप्राइज आहे. त्या गप्प झाल्या. उत्सुकता वाटली असणार.

८ फेब्रुवारी, शनिवार
गोळी केसमध्ये किती खोल बसवायची, हाच कळीचा मुद्दा आहे. आज अख्खा दिवस मोजमापात गेला. टोरांटोहून ऊर्मीने फोन केला. बाबा, जस्ट गो, म्हणाली. या पिढीला तयारीने जाणं माहीतच नाही. उल्हासला मेसेज केला. अंगठा उशिरा आला, पण आला.

१५ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी ४.१०
आज निघालोच. टर्मिनलवर तिकीटही काढलं. पहिली फेरी सोडली, गर्दी होती. दुसरीत गर्दी नव्हती, पण सकाळी मला दोन शिंका आल्या होत्या. माझ्यामुळे त्याला सर्दी झाली तर? परत आलो. जबाबदारीचा निर्णय.

सुनेत्राने विचारलं, कसा आहे उल्हास? बरा आहे म्हणालो. चहा घेतला का, विचारलं. घेतला म्हणालो. वहिनी आलं जास्त घालतात हेही सांगितलं.

२३ फेब्रुवारी
प्रगती! लूनी ठेवली की तीन भोकं झाकली जातात. दोनच बाहेर. हा कागद उद्याच नेऊन दे, असं सुनेत्रा म्हणाली. पण उल्हास इंजिनियर माणूस. त्याला आधी ती दोनच दिसणार. मग तो हसणार. हसला की त्याला खोकला येतो, आणि तो खोकला मला ऐकवत नाही. म्हणून पाचही आत आल्याशिवाय नाही.

१ मार्च, शनिवार
रेंज बंद. मेसेज केला: पुढचा शनिवार, शंभर टक्के. अंगठा आला नाही. झोपला असेल.

४ मार्च, मंगळवार
उल्हास गेला. पहाटे.
बेसमेंटमध्ये जाऊन सगळ्या केसेस फडक्याने पुसल्या. पुसलेल्याच होत्या.

८ मार्च, शनिवार
सुनेत्रा आणि मी डार्टमथला गेलो. बारा मिनिटंही लागली नाहीत.

काडतुसाबद्दल तो काही बोलायचा का, असं मी वहिनींना विचारलं. कुठलं काडतूस, त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की दर शनिवारी सकाळी तो दाढी करायचा. पुढे हात उचलेना, तेव्हा त्यांच्याकडून करून घ्यायचा. इस्त्रीचा शर्ट घालायला लावायचा आणि समोरच्या खोलीतल्या खुर्चीत बसायचा. पाठ टेकवत नसे, शर्ट चुरगळेल म्हणून. पाच वाजले की म्हणायचा, शैल्याचं काहीतरी काम निघालं असेल, काढ आता शर्ट. पंधरा फेब्रुवारीला तर सात वाजेपर्यंत बसला होता.

सुनेत्राने माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवशी फेरी बंद होती, असं मी वहिनींना सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

फेरी चालू होती. मला त्याच्याकडे बघायची भीती वाटत होती.