खिडकीतली बाटली

ता. ४ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.
हे पत्र आईच्या हाती पडू देऊ नका. दादा गेल्यावर मी महिनाभर घरी राहिले, आणि इकडे प्रयोगशाळेत त्याचे पॅरामेशियम मेले. तळ्यातल्या एका पेशीपासून त्याने नऊ वर्षं चालवलेला वंश. दर पंधरवड्याला जुन्या पाण्यातले चार थेंब गहू उकळलेल्या ताज्या पाण्यात सोडायचे, एवढंच काम. तेवढंही कुणाला सांगून यायचं मला सुचलं नाही. दादा असता तर माझी सालटीच काढली असती.

त्याच्या खोलीच्या खिडकीत गढूळ पाण्याची मोठी बाटली आहे. तिच्यात तेच जीव आहेत, आता तेवढेच उरलेत. कुणी हात लावू नका. सुट्टी मिळाली की मी न्यायला येते.

तुमची,
चिंगी

ता. ७ जून

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.
पोरी, उशीर झाला गं. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच आईने त्याची खोली आवरायला काढली. महिन्याभरात पहिल्यांदा तिथे पाऊल टाकलं, म्हणून मी आडवा आलो नाही. बाटली साबणाने घासून लख्ख केली नि उपडी घातली. म्हणाली, किती घाण साठवतो हा मुलगा.

मग पोटभर जेवली. त्याचे जीव तुझ्याकडे सुखरूप आहेत, या एका गोष्टीवर ती तगून आहे. मला काही सांगायचा धीर होत नाही. तूच काय ते बघ.

बाबा

ता. ९ जून

चि. चिंगीस आईचे आशीर्वाद.
मंगळवारी तुझ्याकडे येते. दादा कितीदा म्हणायचा, आई, एकदा भिंगातून बघ, तुझ्याहून धांदरट कुणीतरी दिसेल. मी म्हणायचे, डबक्याचं पाणी काय बघायचं, मला कामं पडलीत. आता कसली कामं? मला ते बघायचेत. वेळेवर जेवतेस ना?

आई

ता. १२ जून

ती. आईस,
शि. सा. न.
तू ये, पण दाखवायला माझ्याकडे काही नाही. दादाचे जीव मेले. मी त्यांची सोय न लावता घरी आले. चूक सगळी माझी. फार रडले गं. मला समोर बसवून रागाव, त्यासाठी तरी ये.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
चिंगी

ता. क. खिडकीतली बाटली धुतलीस ते बरं केलंस. तिच्यात नुसतं पाणी होतं.