उद्यापासून पाळणाघर

आई,

तुम्ही झोपला होतात तेव्हा तपासणीच्या बाई येऊन गेल्या. पाळणाघराचा परवाना मिळाला. जिन्याचं फाटक, औषधांच्या कपाटाचं कुलूप, सगळं पसंत पडलं. निघताना मला म्हणाल्या, "परवाना तुमच्या नावावर आहे. मुलं घरात असेपर्यंत तुम्ही बाहेर पडायचं नाही हं."

मी काही बोलायच्या आत तुमचे चिरंजीव म्हणाले, "तिला कुठं जायचं असतं? घरीच तर असते." सगळे हसले. मीही हसले.

उद्या सकाळपासून मुलं येतील. तुमचं जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. मी जरा बाहेर जातेय. काही आणायचं नाहीये, नुसती चालून येते. ह्यांनी विचारलं तर मात्र दुकानात गेलीय म्हणून सांगा.