घोडा मागे

३ फेब्रु. ९४, गुरु.
अण्णांचं कार्ड आलं. वर नेहमीचं ‘चि. शैला, सप्रेम जयभीम’, खाली बुद्धिबळातली त्यांची चाल. वजिराने माझं कडेचं प्यादं खाल्लंय.
दोनदा वाचलं. वजिराने फुकटचं प्यादं खायचं नाही, हे मला सहाव्या वर्षी अण्णांनीच शिकवलं. ते रेल्वेच्या केबिनमध्ये ड्युटीवर असताना, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात.
संध्या. बूथवरून पुण्याला दादाला फोन. बेलापूरच्या घरी कुकर पुन्हा जळला म्हणे, या महिन्यातला तिसरा. शेजारच्या शेख चाचींनी कळवलं. अण्णांना काही विचारलं तर भलतंच उत्तर देतात. दादा म्हणाला, “मार्चमध्ये घर बंद करून त्यांना इकडे आणतो. तुझा त्यांच्याशी कार्डावर डाव चालू असतो ना, डोक्यात काही फरक वाटतो का गं?”
मी ‘नाही’ म्हणाले. प्याद्याचं सांगितलं नाही.

५ फेब्रु.
पट मांडून बसले. सापळा असणार असं धरून चालले आहे. प्यादं खाऊन पुढे काय? शह नाही, हल्ला नाही. त्यांचा वजीर एकटाच माझ्या कोपऱ्यात.
काहीच सापडत नाही.

६ फेब्रु., रवि.
सापडलं. दुपारी, सातवीच्या वह्या तपासता तपासता.
घोडा मागे घ्यायचा. पहिल्या ओळीत, डाव सुरू करताना असतो तिथे. तिथून तो वजिरावर येतो, आणि तो हलला की माझ्या उंटाची वाट मोकळी. वजिराला एकही घर उरत नाही. एका बाजूला माझं प्यादं, एका बाजूला त्यांचाच उंट आडवा. फार तर वजिराच्या बदल्यात माझा घोडा घेतील.
चार वेळा तपासलं. बरोबर आहे.
बावीस वर्षांत अण्णांविरुद्ध अशी वेळ आली नव्हती. दोन बरोबऱ्या, बाकी सगळे डाव मी हरले. आनंदाने उठून उभीच राहिले. मग पुन्हा बसले. अण्णांना हे दिसलं नाही?

८ फेब्रु.
कार्ड लिहून ठेवलंय. टाकलं नाही.
हे म्हणाले, “जिंकत्येस ना? मग सुतकी चेहरा का?” सांगितलं. तर म्हणाले, “जाऊन ये. कार्डावर माणूस कळत नाही.”

१२ फेब्रु., शनि.
अर्धी शाळा करून निघाले. नगरला गाडी बदलली. श्रीरामपूरपर्यंत उभ्याने. बेलापुरात पोचायला अंधार पडत आलेला.
अण्णा ओट्यावर. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. “आगं, न कळवता?” बरे दिसले.
चाचींनी मला बाजूला घेतलं. “बेटी, मी म्हन्ते पानी आलं, तर ते म्हन्तात जेवन झालं. लई काळजी वाटते.”
जेवताना विचारलं, उद्या डाव पुढे नेऊ का? म्हणाले, परवा धुतलं. काय धुतलं, ते विचारायचा धीर झाला नाही.

१३ फेब्रु., रवि.
सगळं लिहून ठेवते, क्रमाने.
सकाळी भाताचा कुकर लावला. अण्णांनी पट काढला, डाव आठवणीने मांडला. एकही सोंगटी चुकली नाही. माझी चाल. मी घोडा उचलून मागे ठेवला. 
अण्णा बघत राहिले. दहा मिनिटं तरी. मग हसू आलं त्यांना.
“हे मला दिसलं हुतं.”
मी मान वर केली.
“दिसलं हुतं गं. पन तू घोडा कधी मागं नेत न्हाईस. ल्हानपनापासून न्हाई. पुढंच पळतीस. म्हनलं, हिला न्हाई दिसायचं, प्यादं तर मिळंल. चुकलं माझं.”
 मी उठून आत गेले.
तेवढ्यात कुकर. एक शिट्टी, दोन, चार. अण्णा पटावर वाकलेले. मला वाटलं विचारात आहेत. पाठीमागून म्हटलं, अण्णा, कुकर झाला. हालचाल नाही. मोठ्याने म्हटलं. नाही. “अण्णा!” ओरडलेच. भिंतीपलीकडून चाचींनी ‘काय झालं’ विचारलं. अण्णा तसेच.
मी समोर येऊन बसले, माझे ओठ दिसतील अशी. “कुकर झाला.”
“झाला व्हय? मग बंद कर की.”
गॅस बंद करून तिथेच फरशीवर बसले. हसत होते की रडत, मलाच कळेना. डोकं नाही. कान! त्यांच्या बरोबरीचे सगळे बहिरे होत चाललेत, मग अण्णा का नाही होणार? आणि आम्ही काय काय ठरवून बसलो होतो.
पुढची चाल विचारली तर म्हणाले, “जवाब कार्डानं देईन. घाई न्हाई.”

१४ फेब्रु.
दादाला फोन. आधी विश्वासच बसेना. मग म्हणाला, “मी त्यांच्याशी वेड्याशी बोलावं तसं बोलत होतो गं दोन महिने.”

२१ फेब्रु.
दादा शनिवारी बेलापूरला जाऊन अण्णांना श्रीरामपूरला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. दोन्ही कानांची नस कमजोर. उजवा जास्त. बाकी तब्येत ठणठणीत. यंत्र लावलं तर पुष्कळ फरक पडेल. घर बंद करायचं तूर्त रद्द.
रात्री गाढ झोप लागली. किती दिवसांनी.

२ मार्च
अण्णांचं कार्ड. वजीर सोडला, त्याच्या बदल्यात उंटाने माझा घोडा घेतला. हार मानली असेल म्हणून शेवट आधी वाचला. तिथे वेगळंच:
‘यंत्राचं दादा लई मागं लागलाय. त्याला सांग, हा डाव हारलो तर लावीन. बरोबरी झाली तर न्हाई. तुझा बाप.’
पट मांडला. त्यांचा वजीर घेतला की वजीर फक्त माझ्याकडे उरणार. सोपं असायला हवं. पण त्यांचे दोन्ही हत्ती आधीच एका ओळीत आहेत, आणि उंट माझ्या राजाकडे तोंड करून बसलाय. एवढ्यात हरायचा त्यांचा विचार दिसत नाही.
हे म्हणतात, पाठव काहीतरी, जिंकलेलाच डाव आहे.
मी अजून कार्ड लिहिलेलं नाही. उद्या पुन्हा बघते.